शेअरची तुलना छापा, पण मोजपट्टीही छापा

वर्तमानपत्रांनी कंपन्यांच्या शेअरची तुलना छापावी का नाही, यावर अधूनमधून वाद पेटतो आणि दरवेळी तो त्याच दोन टोकांना जाऊन अडकतो. एक बाजू म्हणते, "वर्षात सर्वात जास्त वाढलेले १० शेअर" असले तक्ते छापणं म्हणजे साध्या माणसाला सट्ट्याकडे ढकलणं आहे, बंद करा हे. दुसरी बाजू म्हणते, वाचक काय कुकुलं बाळ आहे का, आकडे आहेत ते छापा, त्याचं तो बघून घेईल. दोन्हीकडचं ऐकून मला वाटतं की भांडण भलत्याच जागी चाललंय. तुलना जरूर छापावी असंच माझं मत आहे, रोज नाही तरी नियमितपणे छापावी. पण ती कशाने मोजली हे जर सोबत छापलं नसेल तर तो तक्ता वाचकाला काही सांगत नाही, उलट त्याच्या डोक्यात एक चुकीचं चित्र पक्कं बसवतो, आणि हे नुकसान सट्ट्याच्या भीतीपेक्षा मला मोठं वाटतं.

आधी दोन्ही बाजूंचं जे खरं आहे ते मान्य करू. मागच्या वर्षी वाढलेला शेअर पुढच्या वर्षी वाढेल याची काडीची खात्री नसते, तरीही माणूस यादी वरून खाली वाचतो, पहिल्या तीन नावांवर बोट ठेवतो आणि "हाच घेऊया" म्हणतो. चांगली शिकलीसवरलेली माणसं हे करताना मी पाहिलीयत. दुसरीकडे हेही खरं की पेपर गप्प बसला म्हणून कोणी शेअर घ्यायचं थांबत नाही, फक्त तो आकडा मग अशा कोणाकडून येतो ज्याला त्यातून कमिशन सुटतं. पण दोन्ही बाजू एक गोष्ट न बोलता धरून चालतात, की शेअरची कामगिरी ही तापमानासारखी असते, थर्मामीटर लावला की सगळ्यांना एकच उत्तर. तसं नसतं हो. कुठल्या तारखेपासून मोजलं, लाभांश (कंपनी नफ्यातून भागधारकांना वाटते ते पैसे) धरला का, कोणाशी तुलना केली, यादीत कोण राहिलं आणि कोण गळलं, हे सगळं कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं आणि निकाल बहुतेक वेळा तिथेच लागून गेलेला असतो.

अगदी साध्या गोष्टीपासून बघा, भाव. एका शेअरचा भाव ५० आणि दुसऱ्याचा ५,०००, तर पहिला स्वस्त वाटणं साहजिक आहे, पण कंपनीचे एकूण शेअर किती हे माहीत नसेल तर त्या भावाला काहीच अर्थ नाही, एकाच जमिनीचे चार तुकडे पाडा नाहीतर चारशे, जमीन तेवढीच राहते. ॲपल कंपनी डिसेंबर १९८० मध्ये बाजारात आली तेव्हा शेअर २२ डॉलरला विकला गेला. पुढे १९८७, २०००, २००५, २०१४ आणि २०२० असं पाच वेळा स्प्लिट झालं, म्हणजे एका शेअरचे तुकडे पाडून जास्त शेअर केले, पहिल्या तिन्ही वेळा एकाचे दोन, मग एकाचे सात, मग एकाचे चार. म्हणजे तेव्हाच्या एका शेअरचे आज २२४ झालेत आणि आजच्या हिशोबात तो सुरुवातीचा भाव १० सेंटच्याही आत येतो. हे न सांगता तेव्हाचा आणि आत्ताचा भाव शेजारी शेजारी मांडला तर वाचक जो गुणाकार करेल तो २२४ पटीने चुकेल. उलट बर्कशायर हॅथवे या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या ए वर्गाच्या शेअरचं कधी स्प्लिटच झालं नाही, त्यामुळे मार्च २०२२ मध्ये एका शेअरचा भाव ५ लाख डॉलरच्या वर गेला. तो "सर्वात महाग शेअर" म्हणून बातमीत येतो, पण त्यावरून कंपनी महाग आहे का स्वस्त हे कळत नाही, शेअर किती मोठ्या तुकड्यात विकायला ठेवलाय एवढंच कळतं.

मोजपट्टीचा हा प्रश्न वर्तमानपत्रांना नवा नाही, खरं तर निर्देशांक ही गोष्टच मुळात पत्रकारांनी वाचकांसाठी काढली. चार्ल्स डाऊ पत्रकार होते. एवढ्या कंपन्यांचे भाव रोज वरखाली होतात, त्यातून एकूण बाजार चढला का उतरला हे वाचकाला कसं कळणार, ही त्यांची अडचण होती. २६ मे १८९६ ला त्यांनी औद्योगिक कंपन्यांची सरासरी काढली, १२ कंपन्यांचे भाव घेतले, बेरीज केली, १२ ने भागलं, उत्तर आलं ४०.९४. कागद-पेन्सिलीच्या काळात हे करणं म्हणजे वाचकाची खरी सेवा होती. पण या पद्धतीत ज्याचा भाव जास्त त्याचं वजन जास्त, मग कंपनी लहान असली तरी. गंभीर गोष्ट ही की सव्वाशे वर्षांनंतरही त्यांची ही सरासरी, म्हणजे आजचा डाऊ जोन्स निर्देशांक, भावावरच चालते. ऑगस्ट २०२० मध्ये ॲपलने एकाचे चार शेअर केले, कंपनीच्या धंद्यात तसूभर फरक पडला नव्हता, पण डाऊमधलं तिचं वजन एकदम घटलं, आणि ते सावरायला एक्सॉनमोबिल, फायझर आणि रेथिऑन यांना बाहेर काढून सेल्सफोर्स, ॲमजेन आणि हनीवेल आत आले. मग २०२२ मध्ये एक्सॉनचा शेअर ८० टक्क्यांच्या आसपास वाढला आणि सेल्सफोर्सचा जवळपास निम्मा झाला. "डाऊ इतका पडला" हे वाचणाऱ्याला यातलं काय दिसतं? डाऊंना मी दोष देत नाही, त्यांच्या हातात जी साधनं होती त्यांनी जे शक्य होतं ते त्यांनी केलं. आपल्या हातात कितीतरी चांगली साधनं आहेत, आपण काय करतोय?

आता लाभांश. सामान्य वाचकाच्या तक्त्यात सगळ्यात जास्त चूक इथे होते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. लाभांश सुटला की त्या दिवशी शेअरचा भाव साधारण तेवढ्याने खाली येतो, ते पैसे कंपनीतून निघून भागधारकाच्या खिशात गेलेले असतात. तक्ता मात्र फक्त घट दाखवतो, खिशात आलेलं दाखवत नाही. एका दिवसाला हे किरकोळ आहे, पण एक कंपनी दरवर्षी भावाच्या ४ टक्के वाटते आणि दुसरी काहीच वाटत नाही असं १० वर्षं चाललं, तर भावावरची तुलना पहिल्या कंपनीवर सरळ अन्याय करते. देशादेशांच्या बाजारांची तुलना छापतात तिथे तर आवळ्या-भोपळ्याची मोट बांधलेली असते. जर्मनीच्या डॅक्सचा जो आकडा बातम्यांत येतो त्यात लाभांश पुन्हा गुंतवला असं धरलेलं असतं, लंडनच्या एफटीएसई १०० चा जो आकडा येतो त्यात तसं नसतं, आणि दोन्ही एकाच चौकटीत एकाखाली एक छापून "जर्मनी पुढे, ब्रिटन मागे" असा मथळा पडतो. एफटीएसई १०० ने १९९९ च्या शेवटी ६,९३० चा उच्चांक गाठला आणि तो मोडायला फेब्रुवारी २०१५ उजाडलं, पंधरा वर्षं वाया गेली असं सगळीकडे छापून आलं. पण ज्याने लाभांश पुन्हा गुंतवला होता तो कितीतरी वर्षं आधीच त्या पातळीच्या वर होता. भारतात सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांना लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशीच तुलना करायला लावली, कारण नुसत्या भावाच्या निर्देशांकाशी तुलना केली की फंड उगाचच हुशार दिसायचे. फंडाला जी मोजपट्टी चालत नाही ती वाचकाला कशी काय चालते?

यावर कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की लाभांश पुन्हा गुंतवला असं धरणंही काल्पनिक आहे, बरीच माणसं तो घरखर्चाला वापरतात, वर त्यावर कर बसतो. मान्य. पण खर्च केलेला पैसा मिळालाच नव्हता असं कसं म्हणता येईल? नुसत्या भावाचा एक रकाना आणि लाभांशासह एक रकाना, दोन्ही द्या. दोन्हीतलं अंतरच वाचकाला सांगेल की कुठली कंपनी पैसे वाटते आणि कुठली धंद्यात परत घालते, आणि निवृत्त माणसाला नेमकं हेच बघायचं असतं.

सुरुवातीच्या तारखेची ताकद तर मला दरवेळी हादरवते. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला, मार्च २००९ मध्ये ७,०५४ पर्यंत कोसळला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जुन्या उच्चांकाच्या वर गेला. शेवटचा दिवस तोच ठेवा आणि १९८९ पासून मोजा, चौतीस वर्षांत जवळपास शून्य वाढ. २००९ पासून मोजा, पंधरा वर्षांत साडेपाच पट. दोन्ही आकडे शंभर टक्के खरे. एक वाचणारा म्हणेल शेअर म्हणजे माती, दुसरा म्हणेल सोनं. अमेरिकेतल्या १९२९ च्या महामंदीचंही तसंच, डाऊ ३८१ वरून जुलै १९३२ पर्यंत ४१ वर आला आणि १९२९ ची पातळी परत दिसायला १९५४ चा नोव्हेंबर उजाडला, पंचवीस वर्षं. हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या शेअरची भीती घालायला वापरला गेलाय, पण मधल्या काळातला लाभांश धरला आणि मंदीत वस्तूंच्या किमतीही पडल्या होत्या हे धरलं तर तूट भरून यायला एवढी वर्षं लागलीच नव्हती. मंदी भयानक होतीच, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, बँका बुडाल्या, ते कोणी नाकारत नाही, पण मोजमाप वेगळं आणि दुःख वेगळं, एकाची भर दुसऱ्यात घालू नये. आणि "तेव्हा इतके गुंतवले असते तर आज इतके झाले असते" या प्रकारचा मजकूर तर सोयीच्या तारखेशिवाय लिहिताच येत नाही. १९९७ मध्ये ॲमेझॉन घेतला असता तर, हे सगळे लिहितात. डिसेंबर १९९९ ते २००१ मध्ये त्याच शेअरची ९० टक्क्यांहून जास्त किंमत गेली होती, तेव्हा धरून बसणारी किती माणसं असतील, हे कोण लिहितं?

टक्केवारीबद्दल एक छोटी गोष्ट सांगून पुढे जातो. शेअर एका वर्षी ५० टक्के चढला आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के पडला तर सरासरी शून्य येते, पण १०० चे १५० आणि १५० चे ७५ झालेले असतात. म्हणून "सरासरी वार्षिक वाढ" छापायची असेल तर चक्रवाढीने काढलेलीच छापावी.

गळलेल्या कंपन्यांवर मात्र थांबायला हवं. "२० वर्षांतले सर्वोत्तम शेअर" ही यादी आज जिवंत असलेल्या कंपन्यांमधून बनते. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा शेअर ऑगस्ट २००० मध्ये ९० डॉलरच्या आसपास होता आणि २ डिसेंबर २००१ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, लेमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली, यांची नावं आजच्या कुठल्याच तक्त्यात खाली लाल अक्षरांत दिसत नाहीत, ती तक्त्यातूनच गायब आहेत. जनरल इलेक्ट्रिक १८९६ च्या त्या पहिल्या १२ कंपन्यांत होती, तिला जून २०१८ मध्ये डाऊमधून काढलं, म्हणजे पडती कंपनी बाहेर जाते आणि निर्देशांकाचा चेहरा कायम तरुण राहतो. हेंड्रिक बेसेमबाइंडर या अभ्यासकाने २०१८ मध्ये दाखवलं की १९२६ पासून अमेरिकी शेअरबाजाराने सरकारी ट्रेझरी बिलांच्या (सरकारला थोड्या मुदतीसाठी दिलेल्या सुरक्षित कर्जाच्या) वर जी काही संपत्ती निर्माण केली ती सगळी जेमतेम ४ टक्के कंपन्यांमुळे होती, आणि निम्म्याहून जास्त शेअर तर बाजारात असेपर्यंत ट्रेझरी बिलांनाही मागे टाकू शकले नाहीत. आता विचार करा, वाचकासमोर वरच्या दहांची यादी ठेवली तर आपण त्याला नेमकी ती ४ टक्क्यांची खिडकी दाखवतोय आणि बाकीची भिंत झाकून ठेवतोय. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत न निवडता उचललेलं असावं लागतं.

वर्तमानपत्राने स्वतः केलेली सगळ्यात प्रसिद्ध तुलना म्हणजे वॉल स्ट्रीट जर्नलची डार्टची स्पर्धा. १९८८ मध्ये सुरू झाली, २००२ पर्यंत चालली. तज्ज्ञांनी निवडलेले शेअर एकीकडे आणि शेअरच्या पानावर डार्ट, म्हणजे छोटा टोकदार बाण, फेकून निवडलेले दुसरीकडे, सहा महिन्यांनी कोण पुढे ते बघायचं. १९९८ पर्यंत १०० फेऱ्या झाल्या, त्यात ६१ वेळा तज्ज्ञ डार्टच्या पुढे होते. मथळा काय होणार, तज्ज्ञ जिंकले. पण त्याच १०० फेऱ्यांत तज्ज्ञ डाऊच्या पुढे होते फक्त ५१ वेळा, म्हणजे नाणेफेकीइतकंच. प्रतिस्पर्धी बदलला आणि निकाल बदलला. वर अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं की यात लाभांश धरलेलाच नव्हता, त्यामुळे तज्ज्ञांनी कमी लाभांशाचे, जास्त धोक्याचे, वेगाने हलणारे शेअर निवडले तर ते आपोआप पुढे दिसणार, आणि तज्ज्ञांची नावं पेपरात छापून आल्यावर वाचकच ते शेअर घ्यायला धावायचे आणि भाव चढायचा, म्हणजे तुलना छापणाऱ्यानेच निकालात हात घातलेला. मला ही स्पर्धा मनापासून आवडते, कारण वर्षानुवर्षं तिने लोकांना "तज्ज्ञाला मोजता येतं" ही गोष्ट शिकवली आणि तिच्यातल्या चुकाही उघड्यावर होत्या, नियम माहीत होते म्हणूनच टीका करता आली. नियमच न छापणाऱ्या तक्त्यावर टीका तरी कशी करणार?

आता सगळ्यात जड आक्षेप. मागची कामगिरी पुढचं सांगत नाही, मग कितीही नीट मोजली तरी तुलना करायचीच कशाला? हा प्रश्न मी बराच काळ डोक्यात घोळवला. माझं उत्तर असं की वर्तमानपत्राचा वाचक फक्त उद्या शेअर घेणारा गिऱ्हाईक नसतो. त्याची पेन्शन कोणत्यातरी फंडात असते, तो कुठल्यातरी कंपनीत नोकरी करतो, त्या कंपनीचा प्रमुख स्वतःचा पगार वाढवताना भागधारकांचा फायदा झाला असं सांगतो. तो फायदा त्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांच्या तुलनेत झाला का, का सगळा बाजारच चढला आणि हाही त्याच्यासोबत वर गेला, हे तपासायला तुलनाच लागते, आणि ती तपासणी पूर्णपणे मागची असते, भविष्याशी तिचा संबंध नाही. बँकेची तुलना बँकेशी, पोलादाची पोलादाशी, दोन्हींची एकूण बाजाराशी आणि शेवटी महागाईशी व साध्या ठेवीशी, एवढं दिसलं की वाचक प्रश्न विचारू शकतो. आणि मागचं निरर्थकच असेल तर "आजचे वाढलेले शेअर" हे तरी कुठल्या तर्काने छापताय, एका दिवसाचं मागचं दहा वर्षांच्या मागच्यापेक्षा जास्त अर्थपूर्ण कसं?

फोनवर सगळं मिळतं, हा दुसरा आक्षेप. रोजच्या भावांपुरता तो पूर्ण मान्य, २००० नंतरच्या दशकात कित्येक पेपरांनी भावांची लांबलचक पानं बंद केली आणि ठीकच केलं. पण फोन आकडा देतो, निवड देत नाही. आलेखावर एक महिना दाबला तर हिरवा, एक वर्ष दाबला तर लाल, आणि लाभांश धरलाय का हे सहसा कुठेतरी कोपऱ्यात. निवड करून ती का केली हे सांगणं हे संपादकाचं काम आहे, ते यंत्रावर ढकलता येत नाही.

ढकललं की काय होतं याचा दाखला कॅनडातल्या व्हँकुव्हरचा आहे. तिथल्या शेअरबाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १,००० पासून नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर संगणक तो नव्याने काढायचा आणि दशांश चिन्हानंतरच्या तीन अंकांपुढचं जे असेल ते जवळच्या अंकाला न नेता सरळ छाटून टाकायचा. दिवसाला हजारो वेळा. बाजार बरा चालला होता आणि निर्देशांक मात्र खाली खाली जात नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४.८११ वर आला, आणि दुरुस्त करून काढल्यावर खरा आकडा निघाला १,०९८.८९२. जवळपास बावीस महिने लोकांनी अर्धा झालेला बाजार वाचला जो अर्धा झालाच नव्हता. सगळे आकडे तीन दशांशांपर्यंत अचूक दिसत होते.

जागा नाही, वेळ नाही, उपसंपादकाला रात्री दहाला पान सोडायचं असतं, हे मला माहीत आहे. म्हणून माझी मागणी तक्त्याखालच्या एका टिपेची आहे, ती अशी छापता येईल: "स्प्लिट आणि बोनस (फुकट दिलेले जादा) शेअर जुळवून घेतले आहेत, पहिला रकाना नुसता भाव, दुसरा लाभांश पुन्हा गुंतवून, १, ५ आणि १० वर्षं, चक्रवाढीने, सोबत त्याच क्षेत्राचा निर्देशांक आणि महागाई, १० वर्षांपूर्वी यादीत असलेल्या आणि आता बंद पडलेल्या कंपन्या शेवटी दिल्या आहेत." बारीक टायपात चार ओळी होतात.